'मस्त होता'च्या पुढे काय बोलायचं? पाहिलेल्या आणि पुन्हा पाहिलेल्या पिक्चरबद्दल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे तो असा आहे. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात नोकरी, महिन्यातून एका शनिवारी फुटाळा तलावावर मित्रांची बैठक, आणि प्रत्येकानं अलीकडे पाहिलेल्या किंवा पुन्हा पाहिलेल्या पिक्चरबद्दल थोडं बोलायचं असा शिरस्ता. तुमच्या तोंडून 'मस्त होता' किंवा 'बोर झाला' याच्या पुढे काही निघत नाही. एक मित्र कॅमेरा, एडिटिंग, कलर असं बोलतो आणि सगळे त्याचंच ऐकत बसतात. त्यात परवा वडिलांसोबत 'अशी ही बनवाबनवी' पुन्हा पाहिला, लहानपणी आलं तेवढं हसू आलं नाही, तुम्ही तसं बोलून दाखवलं आणि वडील गप्प झाले. आता तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: अभ्यास न करता साधं मत नीट कसं मांडायचं, आणि पूर्वीचं मत आणि आत्ताचं मत जुळत नसेल तर खरं कोणतं धरायचं.

मी नागपुरात बरीच वर्षं एक छोटं सिनेमा मंडळ चालवते. एकत्र बसून पिक्चर पाहायचा, मग चहा, मग गप्पा, एवढंच त्याचं स्वरूप. कॉलेजांमध्ये रसग्रहणाच्या कार्यशाळाही घेते. त्यामुळे 'मॅडम, मला बोलताच येत नाही' हे वाक्य मी सतत ऐकते, आणि ते म्हणणारी बहुतेक माणसं घरी गेल्यावर त्याच पिक्चरबद्दल तासभर फोनवर बोलतात हेही मला माहीत आहे.

म्हणून आधी हे सांगते की तुमच्याकडे शब्द कमी नाहीत. तुम्ही शेवटी बोलायचं ते आधी बोलून टाकता, एवढंच होतंय. 'मस्त' हा निकाल झाला. निकाल लागल्यावर समोरच्याला हो किंवा नाही म्हणण्यापलीकडे काही करता येत नाही, म्हणून गप्पा तिथंच थांबतात. आमच्या मंडळात नवीन माणूस आला की मी त्याला एकच विचारते: घरी जाताना गाडीवर कोणती जागा आठवत होती? सगळ्यात भारी सीन मी विचारत नाही, कारण तो विचारला की लोक परीक्षेला बसल्यासारखे उत्तर शोधतात. आपोआप आठवणारी जागा वेगळी असते. ती कधी एखादा चेहरा असतो, कधी एखादा आवाज, कधी स्वयंपाकघरातलं भांडं. ती जागा आधी सांगायची, मग तिथं आपल्याला काय झालं ते सांगायचं. आवडला की नाही ते त्यानंतर, आणि वेळ उरला तर.

एक उदाहरण जरा खोलात जाऊन देते, कारण यातूनच सगळं कळतं. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' आम्ही मंडळात दाखवला होता. २०१५ मध्ये तो थिएटरात आला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं ते गेले, त्यामुळे इथं हा पिक्चर पाहताना खोलीत वेगळीच शांतता असते. गोष्ट अशी, की गटारात उतरणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो आणि शाहिराच्या गाण्यामुळे त्यानं आत्महत्या केली असा खटला शाहिरावर भरला जातो. तारखांवर तारखा पडत राहतात.

पिक्चर संपल्यावर एका तरुणानं हात वर केला आणि म्हणाला, 'बोर झालं. कॅमेरा हलतच नाही.' दोघं-तिघं हसले. मी त्याला विचारलं, नेमका कुठं बोर झालास ते सांग. तो थांबला, आठवून म्हणाला, 'ती सरकारी वकील बाई. कोर्टातून निघते, पोराला पाळणाघरातून घेते, घरी येऊन स्वयंपाक करते, सगळे जेवतात. यात काय दाखवायचं होतं?' आता पाहा, हे किती चांगलं मत आहे. त्याला वाटलं आपण तक्रार करतोय, पण पिक्चरचा कणाच त्यानं हातात घेतला होता. लगेच मागच्या रांगेतल्या एक बाई बोलल्या, 'ती बाई माझ्यासारखी आहे म्हणून मला तिचा राग नाही करता आला. पण सकाळी तीच त्या म्हाताऱ्याला आत ठेवा म्हणून भांडते.' जिल्हा न्यायालयातून निवृत्त झालेले एक काका होते. ते म्हणाले, 'तारीख देताना आवाज असाच असतो. कोणावर राग नाही, कोणाची दया नाही. मी हा आवाज आयुष्यभर ऐकला.' न्यायाधीश एका महिलेचं प्रकरण तिनं बिनबाह्यांचा टॉप घातलाय म्हणून त्या दिवशी ऐकत नाहीत, ते दृश्य मग कोणीतरी काढलं, आणि चर्चा कुठल्या कुठं गेली.

त्या संध्याकाळी कोणीही छायाचित्रणावर भाषण दिलं नाही. तरी कॅमेरा का हलत नाही हे खोलीला समजलं. तो हलला नाही म्हणून आपण वकील बाईंच्या घरात पाहुण्यासारखे बसून राहिलो, आणि बसलो म्हणून ती बाई खलनायिका वाटेना. हे उत्तर त्या बोर झालेल्या मुलाच्या प्रश्नातून निघालं. तो नुसतं 'बोर' म्हणून खाली बसला असता तर निघालं नसतं.

त्याच पिक्चरमध्ये आणखी एक जागा आहे. कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, हॉल रिकामा होतो, दिवे बंद होतात आणि पडदा काळा होतो. आमच्याकडे लोक चपला शोधायला लागले होते. आणि पिक्चर पुन्हा सुरू झाला: न्यायाधीश महाराज कुटुंबासोबत सहलीला. चपला शोधणाऱ्यांना मी नंतर विचारलं, काळोखात काय वाटलं? एकजण म्हणाला, 'संपला, पण काही मिटलं नाही असं वाटलं.' सिनेमावर लेख लिहिणाऱ्यालाही याहून नेमकं सांगता येणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते, कंटाळा आला तर लपवू नका. फक्त तो कुठं आला ते सांगा. हात खिशातल्या मोबाइलकडे कोणत्या सीनला गेला? कधी दिग्दर्शक खरंच रेंगाळलेला असतो, कधी त्यानं मुद्दाम आपल्याला थांबवून ठेवलेलं असतं. दोन्हीत फरक आहे आणि तो त्या जागेवर बोट ठेवल्याशिवाय कळत नाही.

आता तुमच्या कॅमेरा-एडिटिंगवाल्या मित्राबद्दल. त्याच्यावर रागावू नका, त्याला आवड आहे. पण त्याचे शब्द म्हणजे मत असं समजू नका. 'एडिटिंग क्रिस्प होतं' या वाक्यानं ऐकणाऱ्याला पिक्चरमधलं काहीच दिसत नाही. डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं ते साध्या मराठीत सांगितलं की तेच तांत्रिक निरीक्षण होतं. 'सैराट' घ्या. त्यातली चारही गाणी पहिल्या भागात आहेत. दोघं पळून हैदराबादला गेल्यावर गाणं नाही. हे कळायला पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला जावं लागत नाही, कोणालाही मोजता येतं. मग विचारायचं, नागराज मंजुळेंनी असं का केलं असेल? अजय-अतुलच्या त्या गाण्यांत एवढा मोठा वाद्यमेळ आहे, झिंगाटला लोक थिएटरात खुर्च्या सोडून नाचत होते. पुढे त्या दोघांच्या आयुष्यात पाणी भरणं, भाडं, संशय, भांडण येतं, आणि संगीत निघून जातं. शेवटी तर आवाजच काढून घेतलाय. शेवट काय आहे ते इथं लिहीत नाही, कारण अजून न पाहिलेली पोरं मला दर वर्षी भेटतात. पण 'पहिल्या भागात गाणी होती, दुसऱ्यात नाहीत, आणि मला ती नसल्याचं घरी आल्यावर जाणवलं' एवढं जरी तुम्ही शनिवारी बोललात, तरी तुमचा मित्रसुद्धा ऐकेल.

इथवर आलो तर एकदा मागं वळून पाहू: आधी आठवलेली जागा, मग तिथं स्वतःला काय झालं, आणि त्यानंतर दिग्दर्शकानं असं का केलं असेल याचा अंदाज. निकाल सगळ्यात शेवटी.

पण ही रीत सगळीकडे चालत नाही. कोण विचारतंय त्यावर अवलंबून आहे. ऑफिसातली सहकारी 'पोरांना घेऊन जाऊ का?' असं विचारते तेव्हा तिला तुमची आठवलेली जागा नको आहे. किती लांब आहे, रक्तपात किती, पोरं घाबरतील का, मध्यंतरानंतर रखडतो का, एवढं सांगून मोकळं व्हायचं. चार जणांचं तिकीट, पॉपकॉर्न आणि पार्किंग धरलं तर मॉलमधला पिक्चर स्वस्त राहिलेला नाही, तिचा प्रश्न व्यवहाराचा आहे आणि व्यवहारालाच उत्तर द्यावं. फुटाळ्यावरच्या मित्रांचं तसं नाही. त्यांना जायचं की नाही हे ठरवायचं नसतं, त्यांना तुमच्याशी बोलायचं असतं.

दुसरं, तुम्ही पिक्चर कसा पाहिलात ते मतातच सांगा. याला मी फार महत्त्व देते. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसचा पारा असताना दुपारच्या शोला गार हवेत बसून पाहिलेला साधारण पिक्चरही बरा वाटतो. रात्री साडेअकराला दिवसभराच्या कामानंतर मोबाइलवर पाहिलेला चांगला पिक्चरही जड होतो. आमच्या मंडळातल्या एकानं 'तुंबाड' आधी मोबाइलवर पाहिला होता, दुपारी, खिडकी उघडी. त्याचं म्हणणं, 'नुसता अंधार आहे, काही दिसत नाही.' २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो पिक्चर पुन्हा थिएटरांत लागला आणि २०१८ च्या पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला, तेव्हा हा गृहस्थ मॉलमध्ये जाऊन पाहून आला. मग आम्हाला सांगू लागला की त्या अंधारात किती थर आहेत, पावसाचा आवाज मागून कसा येतो, वाड्यात शिरताना आपणच कसे वाकतो. त्याचं पहिलं मतही खोटं नव्हतं. ते मोबाइलवरच्या 'तुंबाड'बद्दलचं मत होतं. म्हणून 'मी फोनवर पाहिला' हे तीन शब्द आधी बोला. दीडपट वेगानं पाहिला असेल तर तेही सांगा, मग मात्र संथ होता की वेगवान यावर बोलू नका.

डबिंगचंही तसंच. आपल्याकडे दक्षिणेचे पिक्चर हिंदीत पाहायची सवय जुनी आहे, टीव्हीवर दिवसभर तेच चालू असतात. 'पुष्पा' पाहून आलेली पोरं हिरोच्या बोलण्यावर फिदा होती, 'काय डायलॉग टाकतो बे!' म्हणत होती. हिंदीतला तो आवाज श्रेयस तळपदेचा आहे. चाल, खांदा, डोळे अल्लू अर्जुनचे आणि ज्या बोलण्यावर पोरं फिदा ते आपल्या मराठी नटाचं. म्हणजे कौतुक करताना अर्धं कुठं पाठवायचं ते माहीत हवं. डब केलेला पाहण्यात कमीपणा काही नाही, मीही पाहते. फक्त हिंदीत पाहिला असं सांगावं, म्हणजे तेलुगूत पाहिलेल्याशी फुकटचा वाद होत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. पूर्वी आवडलेला पिक्चर आता आवडला नाही, तर खरं मत कोणतं?

दोन्ही खरी. तडजोड म्हणून हे बोलत नाही. पिक्चर तोच राहतो, त्यातलं एकही दृश्य हलत नाही, म्हणून दोन वेळच्या पाहण्यात फरक पडला तर तो तुमच्यात पडलेला असतो, आणि तोच सांगण्यासारखा असतो. आमच्या मंडळात पुन्हा पाहिलेल्या पिक्चरवर बोलताना एक नियम आहे: 'तेव्हा' आणि 'आता' दोन्ही सांगायचं. तेव्हा वय काय होतं, कोणासोबत पाहिला, काय आवडलं. आता काय दिसलं जे तेव्हा दिसलं नव्हतं. काय दिसेनासं झालं.

'श्वास'वर झालेलं बोलणं मला या बाबतीत नेहमी आठवतं. संदीप सावंत यांचा २००४ चा पिक्चर. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीला पुन्हा मिळाला तो याच पिक्चरनं. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झालाय, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर नेऊन जग दाखवून आणतात. एका ताईंनी तो कॉलेजात असताना पाहिला होता आणि पोरासाठी रडल्या होत्या. मधल्या काळात वडिलांच्या आजारपणात त्यांना आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, कितीतरी दिवस काढावे लागले. तुम्हाला माहीत आहे तिथं कशी गर्दी असते, गडचिरोली-चंद्रपूरपासून मध्य प्रदेश-छत्तीसगडपर्यंतचे पेशंट, व्हरांड्यात नातेवाईक चादरी अंथरून. त्यानंतर त्यांनी 'श्वास' पुन्हा पाहिला आणि मंडळात म्हणाल्या, 'या वेळी मी डॉक्टरकडे पाहत होते. पहिल्यांदा तो मला रुक्ष वाटला होता. आता वाटलं, दिवसातून किती वेळा हा असं सांगत असेल.' मग जरा थांबून म्हणाल्या, 'आणि आजोबांना कोणी बसा म्हटलं की नाही, हे मी प्रत्येक सीनला पाहत होते.' दवाखान्यात उभं राहून पाय दुखलेल्या माणसाचंच हे पाहणं आहे. पहिल्या वेळी रडल्याचं त्यांनी खोटं ठरवलं नाही, त्याची गरजही नव्हती.

आता 'बनवाबनवी'कडे येऊ. १९८८ चा सचिन पिळगावकरांचा पिक्चर, मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली. चार पोरांना पुण्यात राहायला जागा नाही, लीलाबाई काळभोरांना जोडपीच भाडेकरू हवीत, म्हणून दोघं बायका होतात. तुम्ही म्हणता काही ठिकाणी हसू आलं नाही. कोणत्या ठिकाणी, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि वडिलांनाही सांगितलं नसावं. पुरुषानं साडी नेसली एवढ्यावरच जो विनोद उभा आहे, तिथं आजच्या तरुणांना हसू कमी येतं असं मला कार्यशाळांत दिसतं. कारणही कळतं, त्यांनी आजूबाजूला वेगळं पाहिलंय, वेगळं वाचलंय. उलट लक्ष्मीकांत बेर्डेंच्या पार्वतीची गडबड, अशोक सराफांचं सावरून घेणं, वाक्य पडायच्या आधीचा तो अर्धा क्षण, याला तीच मुलं खळखळून हसतात. म्हणजे 'आता आवडला नाही' हे तुमचं वाक्यच ढोबळ आहे. त्याचे तुकडे करा. कशाला हसलो, कशाला नाही. मग तुम्हालाच दिसेल की पिक्चर अख्खा हातातून गेलेला नाही.

आणि वडिलांचं म्हणाल तर, ते पिक्चरसाठी नाराज झाले असतील असं मला वाटत नाही. त्या पिढीसाठी असे पिक्चर कुटुंबानं एकत्र बसून हसण्याची जागा आहेत. टॉकीजमध्ये पाहिला, मग टीव्हीवर पाहिला, मग तुम्हाला मांडीवर घेऊन पाहिला. तुम्ही 'जुना झाला' म्हणता तेव्हा त्यांना ते सगळं जुनं झाल्यासारखं वाटतं. इथं मत बदलायची गरज नाही, खोटं हसायचीही नाही. वडिलांना विचारा, 'बाबा, तुम्हाला खोली शोधताना असं झालं होतं का?' हा पिक्चर वरवर वेषांतराचा असला तरी बुडाशी घरभाड्याचा आहे, आणि विदर्भातून नागपुरात शिकायला-नोकरीला आलेल्या माणसाजवळ खोलीची एक तरी हकिकत असतेच. आजही एकट्या पोराला खोली देताना घरमालक दहा प्रश्न विचारतात, तुमच्या ऑफिसातल्या बाहेरगावच्या मुलांना विचारून पाहा. वडील बोलू लागले की तुमच्या लक्षात येईल ते कुठं हसतात आणि का. मग तुमचं न हसणंही त्यांना सांगता येईल, तुलना म्हणून. 'तुम्ही तिथं हसता, मला इथं हसू येतं' हे घरात चालतं. 'हा पिक्चर आता चालत नाही' हे चालत नाही, कारण त्यात तुम्ही त्यांच्यावर निकाल दिलेला असतो.

अर्थात वडील कसे आहेत ते तुम्हालाच ठाऊक. काही घरांत वाद घालणं हीच माया असते, तिथं खुशाल भांडा.

एक विषय तुम्ही विचारलेला नाही, पण नागपुरात बोलायचं तर टाळता येत नाही. आपल्या गावावरचा पिक्चर. 'झुंड' २०२२ च्या मार्चमध्ये आला, हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन उभ्या केलेल्या फुटबॉलवर बेतलेला. तो पाहताना अर्धं थिएटर 'ए, हे तर आपल्या इकडचं!' म्हणत होतं. आपली गल्ली, आपली नागपुरी हिंदी पडद्यावर, तीही अमिताभ बच्चनसोबत. हा आनंद मत म्हणून सांगायला लाजू नका, तो खरा आहे. फक्त त्यावर थांबू नका. कॉलेज आणि वस्ती यांच्यामधली ती भिंत घ्या. इकडे हिरवं मैदान, तिकडे कचरा, आणि मध्ये विटांची एक उंची. आपण अशा किती भिंतींजवळून रोज गाडी काढतो! किंवा ती आदिवासी मुलगी आणि तिचा बाप, पासपोर्टसाठी कागद गोळा करत फिरतात तो भाग. कोणी म्हणालं, 'तो भाग काढला असता तर पिक्चर अर्ध्या तासानं कमी झाला असता.' कोणी म्हणालं, 'तो भागच पिक्चर आहे, आपण कोण हे सिद्ध करत फिरणं.' जवळपास तीन तासांच्या पिक्चरला लांब म्हणणं चूक नाही, मलाही मध्यंतरानंतर काही ठिकाणी हात आखडता हवा होता असं वाटतं. पण लांबी कुठं खटकली हे प्रत्येकाचं निराळं निघालं, आणि कोण कोणत्या वस्तीतून आलंय याचा त्याच्याशी संबंध होता.

अशा पिक्चरवर, ज्यात जात आहे, वस्ती आहे, भीमजयंतीचं दृश्य आहे, बोलताना समोर कोण बसलंय याचं भान हवं. त्याचा अर्थ गुळमुळीत बोला असा नाही. एखादं दृश्य तुमच्यासाठी फक्त दृश्य असेल आणि शेजारच्या मित्रासाठी त्याच्या घरातला दरवर्षीचा दिवस असेल, तर आधी त्याला बोलू द्या. दीक्षाभूमीच्या गावात राहून एवढं तरी आपल्याला जमायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत त्याच्यानंतर आलं म्हणून लहान होत नाही.

उरलेल्या गोष्टी झटपट. बोलायच्या आधी 'कोणी पाहायचा राहिलाय का?' हे विचारा, शेवटाला हात लावायचा असेल तर जास्तच. ज्यानं पाहिलेला नाही त्याला उठून चहा आणायला पाठवणं आमच्याकडे सर्रास चालतं. पिक्चर पाहिल्यावर लगेच दुसऱ्यांचे व्हिडिओ पाहू नका, एक रात्र जाऊ द्या. सकाळी तुमची आठवण शिल्लक असते, व्हिडिओ पाहिला की त्या माणसाची असते. फोनमध्ये दोन ओळी लिहून ठेवा: कुठं पाहिला, कोणती जागा आठवते. महिन्याभरानं शनिवार येतो तेव्हा नाव सोडून सगळं विसरलेलं असतं, माझंही तसंच होतं, म्हणून मी वही ठेवते.

आणि तुमचा मित्र 'कलर ग्रेडिंग काय खतरनाक होतं' म्हणाला की त्याला खरंच विचारा, कोणत्या सीनमध्ये? आव्हान म्हणून विचारू नका, ऐकायचं आहे म्हणून विचारा. त्याला सीन सांगता आला तर तुम्हाला काहीतरी नवीन दिसेल. नाही सांगता आला, तर पुढच्या वेळी तोही सीन घेऊन येईल.

तुमच्या बैठकीत दहापैकी गुण द्यायची पद्धत असेल तर ती चालू ठेवायला माझी हरकत नाही, लोकांना त्यात मजा येते. फक्त गुण सगळ्यांचं बोलून झाल्यावर द्या, आणि दिलेले बदलायची मुभा ठेवा. आमच्याकडे 'कोर्ट'ला त्या बोर झालेल्या मुलानं आधी चार दिले होते आणि चहानंतर सात केले. मागच्या रांगेतल्या बाईंनी आठचे सहा केले, कारण त्यांच्या मते वकील बाईंना शेवटी एकदा तरी काही वाटायला हवं होतं. त्यावर पुन्हा अर्धा तास गेला.